जुन्या गाडीचे काटे आणि अर्थिंग: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत एकच रडगाणं सारखं सारखं दिसलं. पेट्रोलचा नाहीतर टेम्परेचरचा काटा मनाला येईल तसा वागतोय, मालकानं गेज बदललं, फ्लोट (टाकीतला पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता सेन्सर) बदलला, कुणी तर निम्मं वायरिंग उपसून टाकलं, आणि दुखणं जागच्या जागीच. म्हणून यंदाचं सदर फक्त अर्थच्या, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायच्या वाटेच्या, भानगडींना दिलंय. पत्रं थोडी कापून छापलीयेत.

प्रश्न: सर नमस्कार, माझी १९६० च्या दशकातली ब्रिटिश टू-सीटर आहे, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडलेलं). रिस्टोरेशन नुकतंच झालंय, डॅशचा पत्रा पावडर कोटिंग करून घेतला, दिसायला एकदम झकास. पण तेव्हापासून पेट्रोल आणि टेम्परेचर दोन्ही काटे जास्तच दाखवतात, रात्री लाइट लावले की अजून वर चढतात आणि वर हीटरचा पंखा चालू केला तर टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याला टेकतो. इंजिन प्रत्यक्षात गरम नाहीये, थर्मामीटर लावून बघितलंय. पेट्रोलचं गेज नवीन टाकलं, टाकीतला फ्लोट पण नवीन, फरक शून्य. डॅशचा अर्थ चेक केला तर मल्टिमीटर ०.३ ओहम दाखवतो, म्हणजे अर्थ ओके आहे ना? आता टेम्परेचरचं गेज पण बदलू का?

उत्तर: नका बदलू, तुमचं जुनं पेट्रोलचं गेज पण फेकलं नसेल तर जपून ठेवा, ते बहुतेक धडधाकट असणार. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे दोन्ही काटे एकाच दिशेला चुकतायत. एकच काटा चुकला असता तर त्याचा सेन्सर, त्याची वायर, ते गेज, एवढ्यातच शोधायचं. दोन्ही मिळून वर जातायत म्हटल्यावर दोघांत कॉमन काय आहे ते बघायचं, आणि तुमच्या गाडीत कॉमन आहे तो व्होल्टेज स्टॅबिलायझर, डॅशच्या मागे स्क्रूनं बसवलेली पत्र्याची छोटीशी डबी.

ही डबी आतून कशी चालते ते एकदा समजून घ्या म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. आत एक बायमेटलची, म्हणजे दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवून केलेली, तापली की वाकणारी पट्टी असते आणि तिच्यावर बारीक हीटर वायर गुंडाळलेली असते. चावी ऑन केली की त्या वायरमधून करंट जातो, पट्टी तापते, वाकते, कॉन्टॅक्ट तुटतो, मग थंड होऊन परत जोडली जाते, असं सतत चालू असतं आणि त्या चालू-बंद होण्यातून गेजला सरासरी १० व्होल्ट मिळतात. आता मुद्दा असा की त्या हीटर वायरचं दुसरं टोक डबीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, आणि डबीला अर्थ मिळतो तो फक्त तिच्या स्क्रूतून. स्क्रूखाली पावडर कोटिंग आलं तर हीटर वायरचा रस्ताच बंद, पट्टी तापतच नाही, कॉन्टॅक्ट कायम जोडलेला राहतो आणि गेजला १० ऐवजी बॅटरीचे पूर्ण १२ ते १४ व्होल्ट जातात. काटे वर जाणारच.

तुमच्याकडे अर्थ पूर्ण तुटलेला नाहीये, अर्धवट आहे, म्हणून तर लाइट आणि पंख्याबरोबर काटे हलतात. पॅनेलचे दिवे आणि हीटरचा पंखा यांचा परतीचा करंट त्याच डॅशच्या पत्र्यातून बॅटरीकडे जातो. नळाला पाणी भरपूर आहे पण मोरी तुंबलीय, मग पाणी जसं मोरीत साठत जातं तसं इथे डॅशच्या पत्र्यावर व्होल्टेज साठतं. दिवे धरा साधारण १ अँपिअर, पंखा ४-५ अँपिअर, आणि वाटेत ०.३ ओहम खरोखरच असतील तर दीड व्होल्टच्या पुढे जातं. म्हणजे डॅशचा पत्रा आता शून्यावर नाहीये, दीड व्होल्टवर आहे. स्टॅबिलायझरची डबी त्या पत्र्यावर बसलीय, ती बिचारी स्वतःच्या हिशोबानं १० व्होल्ट देते पण ते मोजते त्या वर उचललेल्या पत्र्यापासून. टाकीचा फ्लोट आणि इंजिनवरचा सेन्सर मात्र खऱ्या अर्थला जोडलेले, त्यांच्या दृष्टीनं ते झाले साडेअकरा.

आणि ०.३ ओहमवर विश्वास ठेवू नका. ओहमवर लावलेला मल्टिमीटर वायरमधून अगदी किरकोळ करंट सोडतो, दहा तारांची वायर तुटून एकच तार शिल्लक असली तरी त्याला चालतं, शिवाय साध्या मल्टिमीटरच्या प्रोबच्या वायरींचेच ०.२-०.३ ओहम भरतात त्यामुळे तुम्ही अर्थ मोजलात की स्वतःच्या वायरी मोजल्यात हे कळायला मार्ग नाही. अर्थ नेहमी लोड चालू ठेवून व्होल्टमध्ये मोजायचा. हे मी दर वेळी लिहितो आणि लिहीत राहणार, कारण निम्मी नवी गेजं याच एका गोष्टीपायी विकली जातात.

तर असं करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, २० व्होल्टची रेंज. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा, खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोबला लांब वायर जोडून तो स्टॅबिलायझरच्या डबीच्या पत्र्याला टेकवा, रंग असेल तर टोक जरा खरवडून. चावी ऑन, आकडा बघा. मग पार्किंग लाइट, मग हेडलाइट, मग पंखा, मग वायपर, एकेक चालू करत जा आणि आकडा किती वाढतो ते लिहून ठेवा. सगळं चालू असताना ०.१ व्होल्टच्या आत राहिला तर गेजच्या दृष्टीनं अर्थ उत्तम. तुमच्याकडे तो एकच्या वर जाईल असा माझा अंदाज आहे. मग सगळं चालूच ठेवून लाल प्रोब एकेक टप्पा मागे आणत या, डबीचा पत्रा, मग तिचा स्क्रू, मग डॅशची फ्रेम, मग बॉडीचा मूळ पत्रा, मग बॅटरीच्या अर्थ केबलचं बॉडीकडचं थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं), मग क्लॅम्प. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा धपकन पडतो, दोष तिथेच. अंदाजानं दहा जागा खरवडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सापडली जागा की तिथलं कोटिंग वॉशरच्या आकाराएवढंच काढा, खालचा पत्रा चकचकीत दिसला पाहिजे, नुसता करडा दिसून चालत नाही. दात असलेला स्टार वॉशर घाला, स्क्रू घट्ट आवळा आणि झाल्यावर वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा म्हणजे ओल शिरणार नाही. सुंदर कोटिंग खरवडायला जीवावर येतं हे मला मान्य आहे. तेवढ्यासाठी दुसरा मार्ग म्हणजे स्टॅबिलायझरच्या स्क्रूखाली थिंबल घालून तिथून एक काळी वायर थेट बॉडीच्या चांगल्या अर्थ पॉइंटला न्यायची आणि हीटरच्या पंख्याचा अर्थ वेगळा न्यायचा. मला विचाराल तर डॅशच्या फ्रेमची वायरही त्याच पॉइंटला आणा, एकदाच काम होईल.

एक सूचना राहिली. स्टॅबिलायझरच्या आउटपुटला, म्हणजे ‘आय’ (I) लिहिलेल्या टर्मिनलला, डिजिटल मल्टिमीटर लावलात तर आकडा शून्य ते बारा असा नाचताना दिसेल, घाबरू नका, तो चालू-बंद होणारच. उलट तो न नाचता बारावर स्थिर राहिला तर डबी अर्थवर नाही किंवा आतून चिकटलीय. आणि डबीवर ‘टॉप’ असा शिक्का असेल तर ती बाजू वरच ठेवून बसवा, आडवी-तिडवी बसवली की आतल्या पट्टीचा हिशोब बिघडतो.

प्रश्न: दोन भावांच्या दोन अमेरिकन गाड्या आहेत, माझी फोर्ड, मोठ्या भावाची शेव्हरोले, दोन्ही १९६० च्या दशकाच्या शेवटच्या. माझी टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काटा पाऊणच्या वर जात नाही, दादाच्या गाडीत मात्र टाकी कोरडी पडून गाडी बंद पडली तरी काटा थोडं पेट्रोल आहे असंच दाखवतो. दादा म्हणतो दोघांना एकच आजार आहे, मी म्हणतो शक्यच नाही, एक कमी दाखवतंय एक जास्त. कोण बरोबर?

उत्तर: दादा बरोबर. दोन्ही टाक्यांचा अर्थ खराब असण्याची दाट शक्यता आहे, लक्षण उलटं दिसतं कारण दोन कंपन्यांची पद्धत उलटी आहे.

फोर्डच्या त्या काळातल्या फ्लोटमध्ये टाकी रिकामी असताना साधारण ७३ ओहम असतात आणि फुल झाल्यावर १० ओहम, म्हणजे पेट्रोल वाढेल तसे ओहम कमी. शेव्हरोले ज्यांची, त्या जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या बहुतेक गाड्यांत रिकामी टाकी शून्य ओहम आणि फुल टाकी ९०. आता दोन्हीकडे फ्लोटच्या अर्थमध्ये गंजामुळे पाच-दहा ओहम फुकटचे वाढले असं धरा, गेजला काय कळणार हे ओहम फ्लोटचे आहेत की गंजाचे, ते सगळे एकत्र मोजतं.

तुमच्या फोर्डमध्ये रिकाम्या टाकीला ७३ चे ७८ झाले तर काटा जेमतेम हलेल, तुम्हाला पत्तासुद्धा लागणार नाही. फुल टाकीला मात्र १० चे १५ झाले म्हणजे दीडपट, तिथे काटा ठळकपणे खाली येतो, पाच ओहमसुद्धा त्याला पाऊणवर आणायला पुरेसे असतात. म्हणून फोर्डची तक्रार नेहमी ‘फुल होत नाही’ अशी येते. शेव्हरोलेत नेमकं उलटं, रिकाम्या टाकीला शून्य हवेत तिथे दहा ओहम दिसतात आणि गेज म्हणतं अजून आहे थोडं. रस्त्याच्या कडेला उभं राहायची पाळी येते ती अशी. आणि अर्थ पूर्ण तुटला तर फोर्डचा काटा रिकाम्याला पडून राहील आणि शेव्हरोलेचा फुलच्याही पलीकडे जाईल. तुम्हा दोघांना आता लक्षणावरून एवढं तरी नक्की सांगता येईल. जर्मन व्हीडीओ (VDO) कंपनीचं गेज असलेल्या गाडीवाल्यांनीही हे वाचून ठेवा, तिथे बहुधा रिकामी १० आणि फुल १८० ओहम असतात, म्हणजे दिशा शेव्हरोलेसारखी.

टाकीचा अर्थ जातो कुठे? टाकी पट्ट्यांवर टांगलेली असते, पट्ट्यांखाली रबर, टाकीला रंग, पट्ट्यांना रंग, पेट्रोलची नळी रबराची, मग टाकी बॉडीला नक्की कुठे चिकटलीय ते सांगा. जुनी गाडी असताना कुठेतरी रंग उडून पत्र्याला पत्रा लागत होता म्हणून चालत होतं, रिस्टोरेशनमध्ये सगळं छान रंगवलं आणि तोही रस्ता बंद झाला. काही टाक्यांना फ्लोटच्या फ्लँजपासून (टाकीवर स्क्रूनं बसणाऱ्या चकतीपासून) बॉडीपर्यंत वेगळी वायर कंपनीनंच दिलेली असते, ती बघा, बहुतेक वेळा तिच्या थिंबलमध्ये हिरवी बुकणी साठलेली असते, बाहेरून वायर शाबूत दिसते आणि इन्सुलेशन सोललं की आत तांबं काळं पडलेलं.

तपासायला पुन्हा तेच, चावी ऑन ठेवून काळा प्रोब बॅटरी निगेटिव्हला आणि लाल फ्लोटच्या फ्लँजला. इथे करंट मुळातच कमी असतो त्यामुळे ०.१ व्होल्टसुद्धा जास्त समजा, आकडा जवळजवळ शून्यच हवा. दोष तिथेच निघाला तर फ्लँजच्या एका स्क्रूखाली थिंबल घालून वायर बॉडीला न्या.

पण हे कळकळीनं सांगतो, टाकीपाशी काम करताना आधी बॅटरीचं अर्थ टर्मिनल काढा, वायर जोडा, आणि मगच लांब उभं राहून बॅटरी जोडा. टाकी भरून सांडलेली असेल, पेट्रोलचा वास येत असेल तर त्या दिवशी हात लावू नका. टाकीच्या तोंडाशी वायर टेकवून ठिणगी बघणं हा काही लोकांचा आवडता प्रयोग आहे, तो कुणीही करू नये, कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

प्रश्न: दादा, बाबांची जुनी गाडी आता मी चालवते. सेल्फ मारला की इंजिन जड फिरतं आणि हल्ली चोकची नॉब हाताला गरम लागते, एकदा तर जळका वास पण आला. टेम्परेचरचा काटा कधी बरोबर कधी चुकीचा. दोन्हीचा संबंध आहे का?

उत्तर: ताई, संबंध आहे आणि हे दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका, सेल्फही मारू नका.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीशी जोडणारी एक जाड, बहुधा विणलेली चपटी पट्टी असते, अर्थ स्ट्रॅप. ती तुटलीय, गंजलीय किंवा इंजिन उतरवल्यावर कुणी परत लावलीच नाहीये. सेल्फ मोटर शेकडो अँपिअर ओढते आणि तो करंट परत जायला वाट शोधतो, मोठी वाट बंद म्हणून चोकची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल, जे सापडेल त्यातून जातो. नॉब गरम होते ती त्यामुळे. केबल आतून जळते, चिकटते, आणि अॅक्सिलरेटरची केबल उघड्या स्थितीत चिकटली तर काय होईल ते सांगायला नको.

टेम्परेचरचा सेन्सर इंजिनच्या आट्यांतूनच अर्थ घेतो, त्यामुळे इंजिनच अधांतरी असेल तर काटा भरवशाचा राहत नाही. त्यात इंजिन चालू झाल्यावर डायनॅमो किंवा अल्टरनेटरचा करंटसुद्धा त्याच अडलेल्या वाटेनं इंजिनकडे परत येतो, म्हणून चार्जिंग जास्त असताना काटा वर आणि कमी झालं की खाली असा खेळ दिसतो.

नवीन स्ट्रॅप लावा, दोन्ही टोकांचा पत्रा आणि बोल्टची जागा चकचकीत करून. मग एकाला सेल्फ मारायला सांगून बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि इंजिन ब्लॉक यांच्यात व्होल्ट मोजा. सेल्फ फिरत असताना ०.२-०.३ च्या आत आले तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर अजून कुठेतरी जोड खराब आहे. आणि त्या केबल बाहेर काढून बघाच, एकदा तापलेली केबल पुन्हा वापरायची नाही.

सेन्सर कुणी अलीकडे बदललाय का तेही विचारा. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे मारून बसवला असेल तर तोच अर्थ अडवतो, टेप काढा, गळती थांबवायला योग्य वॉशर पुरतो.

प्रश्न: माझ्या गाडीला जुन्या पद्धतीची गेज आहेत, स्टॅबिलायझर वगैरे नाही. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा इंडिकेटरच्या तालावर नाचतो आणि पॅनेलचा दिवा एकदम मंद. फ्लॅशर बदलून झाला.

उत्तर: फ्लॅशरचा दोष नव्हता. आधी गेजचा प्रकार ओळखा. बायमेटलचं गेज सुस्त असतं, चावी ऑन केल्यावर काटा सावकाश चढतो, त्याला इंडिकेटरचा ताल पकडताच येत नाही. तुमचं गेज कॉइलवालं आहे, ते पटकन हलतं, म्हणून नाचताना दिसतं, आणि खरं तर शोधाशोधीला ते सोपं पडतं.

तुमच्या क्लस्टरची, म्हणजे सगळी गेज आणि दिवे एकत्र बसवलेली, डबी अर्थवर नाहीये. क्लस्टर बाहेर काढा आणि मागून बघा, पॅनेलच्या दिव्याचा होल्डर नुसता डबीच्या भोकात खुपसलेला असतो, त्याला वायर एकच, अर्थ तो डबीच्या पत्र्यातून घेतो. इंडिकेटरच्या डॅशवरच्या दिव्याचंही बहुधा तसंच. आता डबीला अर्थ नसेल तर या दिव्यांचा करंट जाणार कुठे, तो डबीच्या पत्र्यातून गेजच्या कॉइलमध्ये घुसतो आणि तिथून फ्लोटच्या वायरनं टाकीमार्गे अर्थला जातो. म्हणून दिवा मंद, कारण वाटेत कॉइल आणि फ्लोट दोन्ही आले, आणि म्हणूनच दिवा लुकलुकला की काटा हलतो.

खात्री करायला क्लिपवाली लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं गेजच्या डबीच्या पत्र्याला टेकवा, मागे उघडी पॉझिटिव्ह टर्मिनलं असतात तिकडे लागणार नाही एवढं सांभाळून. दिवा लख्ख झाला आणि काटा शांत झाला तर निदान पक्कं. मग ती वायर कायमची नीट करा, गेजच्या मागच्या ब्रॅकेटच्या नटखाली थिंबल घालून. बाजारात हल्ली जाड जाड अर्थ केबलचे संच मिळतात, इंजिनवर सहा ठिकाणी लावायचे, त्यानं तुमचा काटा बरा होणार नाही, जिथे जोड तुटलाय तिथेच तो जोडावा लागतो.

गाडी सहा व्होल्टची असेल तर या बाबतीत दुप्पट काटेकोर राहा. अर्धा व्होल्ट वाटेत गेला तर बारा व्होल्टच्या गाडीत चार टक्के गेले, सहाच्या गाडीत आठ टक्के, शिवाय तेवढ्याच वॅटच्या दिव्याला तिथे करंटही दुप्पट लागतो.

प्रश्न: फायबरग्लासची बॉडी आहे, अर्थ कुठे द्यायचा?

उत्तर: बॉडीला देऊन उपयोग नाही, फायबरमधून करंट जात नाही. १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेटपासून अशा सगळ्या गाड्यांत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक गेजला, टाकीला परतीची वेगळी वायर असते आणि त्या सगळ्या कुठेतरी एकत्र येऊन चासीला किंवा बॅटरीला जातात. तो एकत्र यायचा जोड आधी शोधा, तोच खराब असला तर एकमेकांशी काही घेणंदेणं नसलेल्या दहा गोष्टी एकदम बिघडतात. कुणी हौशी माणसानं नंतर लावलेला दिवा किंवा हॉर्न जवळच्या स्क्रूला अर्थ केलेला असतो, स्क्रू फायबरमध्ये आणि अर्थ कुठेच नाही, तेही बघा.

प्रश्न: स्टॅबिलायझर खराब म्हणून इलेक्ट्रॉनिक आणून लावला, चावी ऑन केल्या केल्या तापून बंद पडला. दुसरा आणला, तोही गेला. दुकानदार म्हणतो तुमचं वायरिंग शॉर्ट आहे. गाडी १९६० च्या आसपासची ब्रिटिश.

उत्तर: बॅटरीचं कुठलं टर्मिनल बॉडीला लागलंय ते जाऊन बघा, माझा अंदाज पॉझिटिव्ह. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ होत्या, एमजी कंपनीची एमजीबीसुद्धा १९६७ मध्ये बदल होईपर्यंत तशीच होती. जुनी बायमेटलची डबी आणि बायमेटलची गेज यांना दिशेचं काही सोयरसुतक नसतं, कुठूनही करंट आला तरी पट्टी तापतेच. इलेक्ट्रॉनिक डबीत मात्र बहुधा ७८१० नावाची आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) असते, ती निगेटिव्ह अर्थसाठीच बनवलेली, उलटी लावली की मेली. पॉझिटिव्ह अर्थसाठी वेगळी डबी मिळते, तीच मागा. वायरिंग शॉर्ट असतं तर आधी फ्यूज उडाला असता.

वर सांगितलेली सगळी मोजमापं पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीतही चालतात, फक्त काळा प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर ठेवायचा, आकड्यापुढे उणे चिन्ह येईल, त्याकडे लक्ष देऊ नका.

आणि वायरींच्या रंगावर आंधळा विश्वास नको. ब्रिटिश लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे अर्थ आणि तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट आलेली, चावी बंद असली तरी जिवंत. जर्मन गाड्यांत तपकिरीच अर्थ असते, टर्मिनल नंबर ३१. जर्मन गाडीवर हात बसलेला मेकॅनिक ब्रिटिश गाडीची तपकिरी वायर अर्थ समजून बॉडीला लावू शकतो, आणि लुकासच्या मूळ वायरिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी त्या वायरीला फ्यूजच नसतो. त्यामुळे टेस्ट लॅम्प लावून बघितल्याशिवाय कुठलीही वायर अर्थला जोडू नका.

प्रश्न: अर्थच्या जोडावर आधी ग्रीस लावायचं की आवळल्यावर?

उत्तर: आधी आवळा, मग लावा. जोड कोरडा आणि धातूला धातू असा बसू द्या, वरून व्हॅसलिन. नंतर व्होल्ट मोजून एकदा खात्री करा आणि आकडा गाडीच्या वहीत लिहून ठेवा, पुढच्या पावसाळ्यानंतर परत मोजाल तेव्हा तुलना करायला लागेल.